नगरपालिकांची शिकवणी

चक्रीय अर्थव्यवस्था ही संज्ञा गेल्या दहा-बारा वर्षांत मंत्रालयातील परिपत्रकांतून, सल्लागार संस्थांच्या अहवालांतून आणि वातानुकूलित सभागृहांतील परिषदांतून इतकी फिरली आहे की तिचा अर्थ सांगण्याची गरज आता कोणाला वाटेनाशी झाली आहे. अर्थ तसा साधा आहे. खाणीतून, जंगलातून किंवा तेलविहिरीतून काढलेला माल वस्तू होऊन घरात यावा आणि घरातून थेट कचरा डेपोवर जावा, ही एकेरी वाट मोडून वस्तू दुरुस्त व्हावी, पुन्हा वापरली जावी आणि अगदीच निकामी झाली तर तिच्यातील माल शेतात किंवा कारखान्यात परतावा, अशी व्यवस्था म्हणजे चक्रीय अर्थव्यवस्था. या कल्पनेशी भांडण्याचे काही कारण नाही. भांडण आहे ते तिच्या पाठोपाठ सरसकट मांडल्या जाणाऱ्या एका मताशी, आणि ते मत असे की हे चक्र फिरत नाही याला स्थानिक स्वराज्य संस्थांचे अज्ञान कारणीभूत आहे.

हे मत मांडणाऱ्यांच्या दृष्टीने नगरपालिका ही मुळातच मागासलेली संस्था असते. तिच्या मुख्याधिकाऱ्याला दूरदृष्टी नसते, स्वच्छता निरीक्षकाला नवे तंत्रज्ञान ठाऊक नसते, नगरसेवकाला गटारे आणि पेव्हर ब्लॉक यांपलीकडचे जग दिसत नाही, आणि ज्या नागरिकांच्या जिवावर हे सारे चालते त्यांना तर शिस्त म्हणून नसते. तेव्हा अशा संस्थेला ‘सक्षम’ करायचे, म्हणजे तिच्या अधिकाऱ्यांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा भरवायची, त्यांच्या हाती एक गुळगुळीत पुस्तिका द्यायची, तक्रारींसाठी मोबाइल ॲप काढायचे, निवडक मंडळींना परदेशी अभ्यासदौऱ्यावर न्यायचे आणि अखेरीस खासगी भागीदारीतून एक यंत्रप्रकल्प उभा करायचा. एवढे झाले की कचऱ्याचे सोने होईल, आणि त्या सोन्याच्या विक्रीतून प्रकल्प आपला खर्च आपणच भागवील, असे हे मत आश्वासन देते.

या मताची लोकप्रियता त्याच्या सत्यतेतून आलेली नाही, ती त्याच्या सोयीतून आलेली आहे. दोष जर खालच्या पायरीवरील अज्ञानाचा असेल तर वरच्या सर्व पायऱ्या आपोआप निर्दोष ठरतात. ज्या केंद्र सरकारने नियम केले त्याला ते पाळले का गेले नाहीत हे विचारावे लागत नाही, ज्या राज्य सरकारने अधिकारी बदलले आणि पैसा रोखला त्याला जाब द्यावा लागत नाही, ज्या कंपन्यांनी परत वापरता न येणारी पाकिटे बाजारात ओतली त्यांच्याकडे कोणी बोट दाखवत नाही, आणि सल्लागारांना पुढच्या कार्यशाळेचे काम मिळते. इतक्या जणांचे एकाच वेळी भले करणारे निदान खोटे असले तरी टिकते, यात नवल ते काय?

मुळात अज्ञानाचा आरोपच तपासून पाहिला पाहिजे. पालापाचोळ्याचे आणि शेणामातीचे शास्त्रशुद्ध खत करण्याची जी पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून शिकवली जाते ती अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संशोधन संस्थेत सिद्ध केली, आणि तिच्या मुळाशी पूर्वेकडील शेतकऱ्यांची रूढ रीत होती हे त्यांनी स्वतःच मान्य केले होते. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे सोनखत करणारे संडास बसवले, मेलेल्या जनावरांची कातडी, हाडे आणि मांस यांचा उपयोग करून दाखवला, आणि हे सारे त्यांनी चक्रीय अर्थव्यवस्था ही संज्ञा कानावर पडण्याच्या कितीतरी आधी केले. रद्दीवाला, भंगारवाला, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, कल्हईवाला, छत्री दुरुस्त करणारा, चपला सांधणारा, ही माणसे महाराष्ट्रातील कोणत्याही गावाला कोणत्याही पुस्तिकेने दिलेली नाहीत. काच, कागद, पत्रा आणि लोखंड यांचे चक्र आपल्याकडे आजही जे काही फिरते ते या माणसांच्या जिवावर फिरते. ज्या समाजात दुधाची पिशवी धुऊन, वाळवून, महिनाअखेर विकली जाते त्या समाजाला वस्तूचे मोल शिकवायला कोणी निघाले, तर त्याला आधी त्या समाजाकडे नीट पाहावे लागेल.

अर्थात या जुन्या चक्राचे गोडवे गाणाऱ्यांनाही एक गोष्ट सुनावली पाहिजे. ते चक्र फिरत होते ते जातीच्या जोरावर. मैला वाहणारे हात, ढोरे ओढणारे हात आणि कचऱ्यात घातलेले हात कोणत्या वस्तीतील असावेत हे जन्माने ठरलेले होते, आणि म्हणूनच ते श्रम फुकटात किंवा उष्ट्यापाष्ट्यात मिळत होते. पटवर्धनांनी स्वतः ते काम अंगावर घेतले त्याचे मोल त्यासाठीच आहे. जुनी काटकसर परत आणायची आणि जुनी जातही परत आणायची, हा मार्ग आज कोणी सुचवू शकत नाही. याचाच अर्थ असा की हे काम यापुढे रीतसर वेतन, हातमोजे, विमा आणि हक्क देऊनच करवून घ्यावे लागेल, आणि त्याचा खर्च कोणीतरी उचलावा लागेल. कार्यशाळेच्या दोन दिवसांत नेमका हाच विषय चहाच्या सुटीपर्यंत लांबवला जातो.

पुण्याचे उदाहरण या संदर्भात सर्वांच्या तोंडी असते, पण त्यातून घ्यायचा धडा मात्र सोयीस्करपणे विसरला जातो. १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिच्या आग्रहामुळे पुणे महानगरपालिकेने कचरावेचकांना ओळखपत्रे दिली, आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. तीन हजारांहून अधिक सभासद असलेल्या या संस्थेतील बहुसंख्य स्त्रिया आहेत, त्या घरोघरी जाऊन ओला-सुका वेगळा करतात, शुल्क घेतात आणि सुका माल विकून उत्पन्नाला जोड देतात. हे शहाणपण कोणत्याही अभ्यासदौऱ्यातून आले नाही, ते कचऱ्याच्या ढिगावर आयुष्य काढलेल्या स्त्रियांच्या संघटनेतून आले. आणि इतके यश मिळवल्यानंतर या संस्थेच्या वाट्याला काय आले? २०२० च्या अखेरीस करार संपला तेव्हा दीर्घ मुदतीचे नूतनीकरण लांबणीवर पडत राहिले आणि काम थोड्याथोड्या मुदतवाढीवर चालू ठेवावे लागले. जगभरातील अभ्यासक ज्या संस्थेची पाहणी करायला पुण्यात येतात तिला तेव्हा पुढच्या वर्षाची शाश्वती नसावी, ही परिस्थिती अज्ञानाने निर्माण केली असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

सिंधुदुर्गातील वेंगुर्ला या सुमारे बारा हजार वस्तीच्या गावाची कथाही अशीच आहे. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कारकिर्दीत या छोट्या नगरपरिषदेने घराघरात कचरा वेगळा करायला लावला, ओल्या कचऱ्याचे खत आणि गॅस केला, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरले, आणि जिथे कचऱ्याचा उकिरडा होता तिथे लोक फिरायला येऊ लागले. मग वृत्तपत्रांत लेख आले, पुरस्कार आले, पाहणी पथके आली, आणि यथाकाल अधिकाऱ्यांची बदलीही झाली. पुढे कोकरे यांना तेच काम कर्जत, माथेरान आणि कल्याण-डोंबिवली येथे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. एका माणसाला चार ठिकाणी तेच सिद्ध करून दाखवावे लागते याचा अर्थ ज्ञान दुर्मीळ आहे असा होत नाही. ते ज्ञान मुख्याधिकाऱ्याच्या खुर्चीला चिकटून राहील, त्यासाठी पदे मंजूर होतील, त्याची नियमावली होईल आणि बदलीनंतरही काम चालेल, अशी तजवीज राज्याने केली नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. शासनाला वेंगुर्ल्याचा नायक हवा असतो. वेंगुर्ल्याची व्यवस्था दर गावी उभी करायला लागणारी पदे मात्र नको असतात.

आता ‘कचऱ्याचे सोने’ या घोषणेकडे वळले पाहिजे, कारण या साऱ्या मताचा कणा तीच आहे आणि सर्वांत जास्त नुकसानही तिनेच केले आहे. रस्त्यावरच्या दिव्याने स्वतःचे वीजबिल कमवावे असे कोणी म्हणत नाही, अग्निशमन दलाने आगी विझवून नफा काढावा अशी अपेक्षा कोणी करत नाही, पण खतप्रकल्पाने आणि सुक्या कचऱ्याच्या शेडने मात्र स्वतःच्या पायावर उभे राहिलेच पाहिजे, ही अट निविदेत घातली जाते. आणि ज्या डेपोवर कचरा नुसता ओतला जातो त्याला ही अट कधी कोणी घातली? देवनारच्या डेपोवर १९२७ पासून मुंबईचा कचरा पडत आला. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला, आणि पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याच्या प्रश्नावरून मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. २०२५ मध्ये तिथला सुमारे १८५ लाख टन जुना कचरा उपसून वेगळा करण्यासाठी, ज्याला बायोमायनिंग म्हणतात त्या कामासाठी, दोन हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीची निविदा काढावी लागली. म्हणजे एकेरी वाटेचा खर्च कोणी वाचवलेला नव्हता, तो फक्त पुढच्या पिढीच्या खात्यावर टाकलेला होता. आज चक्रीय व्यवस्थेसाठी थोडे पैसे मागितले की ‘हे आर्थिकदृष्ट्या टिकाऊ आहे का’ असा प्रश्न येतो, आणि जवळजवळ शंभर वर्षांनी डेपो उपसायचे बिल आले की ते निमूटपणे भरले जाते.

त्याहून वाईट म्हणजे नगरपालिका आज कचऱ्यावर जो खर्च करते तोच चक्राच्या उलट दिशेने जोर लावतो. वाहतुकीचे ठेके बहुधा टनावर दिले जातात, म्हणजे काट्यावर जितके वजन भरेल तितके ठेकेदाराला पैसे. आता ओला-सुका वेगळा झाला, खत गल्लीतच झाले आणि सुका माल भंगारात गेला, तर गाडीत वजन कमी भरणार आणि बिल कमी होणार. अशा ठेकेदाराने वर्गीकरणाचा आग्रह धरावा ही अपेक्षा म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊन वर त्याच्याकडून पहाऱ्याची अपेक्षा करण्यासारखे आहे. कचऱ्याच्या गाड्यांत माती आणि राडारोडा मिसळून वजन फुगवल्याच्या तक्रारी ज्या शहरांतून झाल्या तिथे कोणाच्या ज्ञानात कमतरता होती? उलट ठेक्याची रचना तिथे सर्वांना चांगलीच समजली होती.

निधीचीही तीच तऱ्हा. स्वच्छ भारत अभियानाचा नागरी भाग २०१४ पासून आणि त्याचा दुसरा टप्पा ऑक्टोबर २०२१ पासून चालू आहे, आणि त्यातून शेड, कन्व्हेयर पट्टे, बेलिंग यंत्रे, गाड्या हे सर्व मिळते. मिळत नाही ते यंत्रासमोर बसून हाताने वेगळा करणाऱ्या बाईचे बारा महिन्यांचे वेतन, वीजबिल आणि यंत्र बिघडल्यावर लागणारा सुटा भाग, कारण तो ‘देखभाल-दुरुस्तीचा’ खर्च ठरतो आणि तो नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातून करावा असे अपेक्षित असते. पण ते उत्पन्न कुठले? जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर गेला, आणि जुलै २०१७ पासून महानगरपालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईकडे डोळे लावून बसतात. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२४ मधील अहवालानुसार देशातील महानगरपालिकांचे महसुली उत्पन्न सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ०.६ टक्के भरते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यामुळे उद्घाटनाची पाटी असलेली आणि कुलूप लागलेली यंत्रे राज्यात जागोजागी दिसतात, आणि ती पाहून पुन्हा निष्कर्ष काढला जातो की नगरपालिकांना प्रकल्प चालवता येत नाहीत.

मग चक्र खरोखर कुठे अडते? ते अडते गिऱ्हाइकापाशी. ओल्या कचऱ्याचे खत करणे अवघड नाही, ते विकले जाणे अवघड आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये स्पष्ट म्हटले होते की खत कंपन्यांनी रासायनिक खताच्या सहा-सात गोण्यांमागे शहरी कंपोस्टच्या तीन-चार गोण्या विकाव्यात, म्हणजे विक्रीचे जाळे आधीच ज्यांच्या हाती आहे त्यांनीच हे खत शेतकऱ्यापर्यंत पोचवावे. त्याच वर्षी केंद्राने कंपोस्टच्या विक्रीसाठी टनाला १,५०० रुपये साहाय्यही जाहीर केले. आता कोणत्याही कृषी सेवा केंद्रात जाऊन पाहावे की युरियाच्या शेजारी शहरी कंपोस्टच्या गोण्या त्या प्रमाणात रचलेल्या दिसतात का. युरियाची ४५ किलोची गोणी कर आणि निंबोळी लेपाचा खर्च वगळून २४२ रुपयांना मिळते, कारण तिच्यामागे केंद्राचे प्रचंड अनुदान उभे असते. तिच्याशी स्पर्धा करायची आहे जड, स्वस्त, लांबवर वाहून नेणे न परवडणाऱ्या कंपोस्टने, आणि तीही नगरपरिषदेच्या स्वच्छता निरीक्षकाच्या विक्रीकौशल्यावर! राज्याने शहरी कंपोस्टला ‘हरित महासिटी कंपोस्ट’ असे नाव देऊन ठेवले आहे, पण नाव देण्याने कोणाला ते विकत घेण्याची सक्ती होत नाही.

खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले की काय होते हे नागपूरने दाखवले आहे, आणि तेही कचऱ्यापेक्षा अवघड मानल्या जाणाऱ्या सांडपाण्याच्या बाबतीत. भांडेवाडी येथील प्रक्रिया केंद्रातून रोज १३० दशलक्ष लिटर शुद्ध केलेले सांडपाणी महानिर्मितीच्या कोराडी वीज केंद्राला जाते, महानगरपालिकेला त्याचा मोबदला मिळतो, आणि तेवढे धरणाचे पाणी पिण्यासाठी उरते. हे घडले ते नागपूरच्या अभियंत्यांना कोणी चक्रीयतेचे प्रमाणपत्र दिले म्हणून नव्हे. वीज केंद्राला पाणी हवे होते, ते विकत घेण्याची त्याची ऐपत होती आणि करार दीर्घ मुदतीचा होता, म्हणून ते घडले. पुढे जानेवारी २०१६ मध्ये केंद्राच्या वीजदर धोरणाने प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक वीज केंद्रांवर असे पाणी वापरण्याचे बंधनच घातले, आणि त्याचा खर्च वीजदरात धरण्याची मुभाही दिली. एका धोरणातील एका कलमाने जे साधता येते ते शंभर कार्यशाळांनी साधणार नाही. मग हेच बंधन खत कंपन्यांवर त्याच कठोरपणे का घातले जात नाही? वीज केंद्राला जे लागू पडते ते खत कारखान्याला लागू पडू नये, यामागे कोणते शास्त्र आहे?

बांधकामाच्या राडारोड्याची कथा याहून लज्जास्पद आहे, कारण तिथे तर गिऱ्हाईक खुद्द सरकारच आहे. पाडलेल्या इमारतींच्या काँक्रीटचे आणि विटांचे तुकडे दळून त्यांची खडी आणि वाळू करता येते. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने साध्या काँक्रीटमध्ये अशी खडी २५ टक्क्यांपर्यंत वापरण्यास मान्यता दिली, आणि त्याच वर्षीच्या राडारोडा नियमांनी शासकीय व नगरपालिकेच्या कामांत १० ते २० टक्के पुनर्निर्मित माल वापरण्याचे सांगितले. मानक आहे, नियम आहे, राडारोडा तर नदीपात्रात, खाडीत आणि टेकड्यांच्या उतारावर हवा तितका पडलेला आहे. पण ज्या वस्तूचा दर दरसूचीत नाही ती कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रकात घालू शकत नाही, घातलीच तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो, आणि सर्वांत कमी दराच्या निविदेत डोंगर फोडून आणलेली खडी जिंकते, कारण डोंगराची किंमत त्या दरात धरलेली नसते. या अभियंत्याला चक्रीयता शिकवून काय उपयोग? त्याला दरसूचीत एक ओळ हवी आहे, आणि ती ओळ लिहिण्याचा अधिकार त्याच्या हाती नाही.

प्लास्टिककडे आले की नगरपालिकेचा तुटपुंजा अधिकारही संपतो. वेफर्सच्या आणि शाम्पूच्या पाकिटात वेगवेगळ्या प्लास्टिकचे आणि कधी ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांवर चिकटवलेले असतात, ते पुन्हा वेगळे करणे परवडत नाही, म्हणून कोणताही भंगारवाला त्यांना हात लावत नाही. हे पाकीट कसे बनावे हे ठरते कंपनीच्या कार्यालयात, आणि ते कुठे पडावे हे ठरते वेंगुर्ल्याच्या बाजारपेठेत. जपानमधील कामिकात्सु हे जेमतेम दीड हजार वस्तीचे गाव अभ्यासदौऱ्यांचे लाडके ठिकाण आहे. २००३ मध्ये त्याने २०२० पर्यंत कचरा शून्यावर आणण्याचा निर्धार केला, रहिवासी ४५ प्रकारांत कचरा वेगळा करू लागले, तरीही सुमारे ८० टक्क्यांवरच गाडी थांबली. उरलेला भाग गावाच्या हाती नव्हताच, तो वस्तू बनवणाऱ्यांच्या हाती होता. जपानी शिस्तीलाही जे जमले नाही ते महाराष्ट्रातील नगरपंचायतीने जनजागृतीच्या फलकांवर साधावे, अशी अपेक्षा आहे काय?

उत्पादकांना जबाबदार धरण्याचा कायदा आपल्याकडेही आहे. विस्तारित उत्पादक दायित्व असे त्याचे नाव, आणि अर्थ असा की ज्याने पाकीट बाजारात आणले त्याने तेवढे प्लास्टिक परत गोळा करून प्रक्रिया करण्याचा भार उचलावा. २०२२ मध्ये त्यासाठी प्रमाणपत्रांची बाजारपेठ उभी करण्यात आली, म्हणजे पुनर्प्रक्रिया करणाऱ्याने प्रमाणपत्र तयार करायचे आणि कंपनीने ते विकत घेऊन आपले दायित्व फेडल्याचे दाखवायचे. पुढच्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे आढळली. या संपूर्ण व्यवहारात ज्या नगरपालिकेच्या गाडीने ते प्लास्टिक रस्त्यावरून उचलले आणि ज्या बाईने ते हाताने निवडले त्यांच्यापर्यंत पैसा पोचण्याची खात्रीलायक वाट नाही. भरीस भर म्हणून १ ऑक्टोबर २०२१ पासून प्लास्टिक भंगारावरील वस्तू व सेवा कर पाचवरून थेट अठरा टक्क्यांवर नेण्यात आला. एका हाताने चक्रीयतेच्या घोषणा लिहायच्या आणि दुसऱ्या हाताने चक्र फिरवणाऱ्या मालावर तिपटीहून अधिक कर बसवायचा, हे काम कोणत्या अडाणी नगरपालिकेने केले?

राहिला तो बेशिस्त नागरिक. त्याच्यावर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. ज्या घरात ओला आणि सुका वेगळा केला जातो त्या घरासमोर येणाऱ्या घंटागाडीत दोन्ही कप्प्यांतला कचरा पुढच्या चौकात एकत्र झाला की तो नागरिक दुसऱ्या आठवड्यात वर्गीकरण सोडतो, आणि त्याचे ते सोडणे अत्यंत तर्कशुद्ध असते. आधी गाडी दुरुस्त करावी, मग माणसे.

कचऱ्यापासून वीज हा या मताच्या भात्यातील शेवटचा बाण, आणि तो वारंवार सोडला जातो. दिल्लीतील तिमारपूर येथे १९८७ मध्ये डेन्मार्कच्या साहाय्याने रोज ३०० टन कचरा जाळून वीज करणारे केंद्र उभे राहिले आणि ते काही आठवडेच चालले, कारण भारतीय शहरांच्या कचऱ्यात ओल जास्त आणि जळाऊ माल कमी, त्यामुळे तो नीट जळेना. त्यात जळण्याजोगे जे कागद आणि प्लास्टिक असते ते कचरावेचकाने आधीच उचललेले असते. त्याला हटवून तोच माल भट्टीत घालायचा, हे चक्र फिरवणे नव्हे, चक्र जाळून त्यावर हात शेकणे आहे. आणि अशा भट्टीला रोज ठरलेला कचरा पुरवण्याच्या करारात नगरपालिका एकदा अडकली की कचरा कमी करणे हाच करारभंग ठरतो.

नगरपालिकांवर राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीने घनकचऱ्याचे काम टाकले, आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये त्यांना स्वराज्य संस्था म्हणून मान्यता दिली. त्याच संस्थांपैकी मुंबई आणि पुणे यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तिथे तीन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेले सभागृहच नव्हते, राज्याने नेमलेला प्रशासक कारभार पाहत होता. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने घनकचरा आणि सांडपाणी यांच्या हेळसांडीबद्दल १२,००० कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई ठोठावली ती महाराष्ट्र राज्यावर, कोणत्याही एका नगरपालिकेवर नव्हे. न्यायाधिकरणाला जे दिसले ते परिषदांच्या आयोजकांना का दिसू नये?

स्थानिक संस्थांना चक्रीय अर्थव्यवस्थेसाठी मदत करायची तर त्यांना निवडणाऱ्या हातांच्या वेतनासाठी कायमचा निधी द्यावा लागेल, टनावरचे ठेके मोडून काढावे लागतील, कचरावेचकांच्या संस्थांशी दहा वर्षांचे करार करावे लागतील, आणि खत, खडी, पाणी व प्लास्टिक विकत घेण्याचे बंधन ज्यांच्यावर आहे त्यांच्याकडून ते दंड लावून पाळून घ्यावे लागेल. यातील एकही गोष्ट नगरपालिकेच्या अज्ञानामुळे अडलेली नाही आणि एकही गोष्ट तिला शिकवून होणार नाही. पुढची कार्यशाळा भरवायचीच असेल तर खुर्च्यांची अदलाबदल करावी. व्यासपीठावर घंटागाडीचा मुकादम आणि कचरावेचक स्त्रिया बसाव्यात, आणि समोर वही-पेन घेऊन खत कंपन्यांचे विक्रीप्रमुख, दरसूची ठरवणारे अभियंते, भंगारावर कर बसवणारे अधिकारी, पाकिटे बनवणारे उद्योगपती आणि वित्त विभागाचे सचिव यांनी बसावे. गेल्या वर्षी किती टन कंपोस्ट उचलले, किती राडारोडा सरकारी रस्त्यात घातला, किती रुपये निवडणाऱ्या बाईच्या हातात पडले, असे प्रश्न त्यांना एकेकाला विचारावेत, आणि आकड्यांत उत्तर मिळेपर्यंत जेवणाची सुटी होऊ देऊ नये.